दाजींचा गुडघा

"जेवला का? झोपला का?"

मैदानाच्या तोंडाशी असलेल्या बाभळीला टेकून दाजी येणाऱ्या प्रत्येक खेळाडूला हे दोन प्रश्न विचारायचे. जेवला का, हे आपल्याकडं कुणीही कुणालाही विचारतं, त्यात विशेष काही नाही. पण भर संध्याकाळी दंड थोपटत कबड्डी खेळायला आलेल्या धिप्पाड गड्याला 'झोपला का' असं विचारणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. तुमच्या पाहण्यात असेल तर तुम्ही भाग्यवान.

उत्तर देताना जो चाचरला, किंवा नुसताच हसला, त्याला त्या दिवशी खेळ नाही. त्याच्या हातात दाजी फक्कीचं घमेलं द्यायचे. फक्की म्हणजे मैदानाच्या रेषा आखायची पांढरी पूड. "चल बे, फक्की मारू," म्हणायचे आणि त्याच्या बरोबरीनं चालायला लागायचे. दोघंही कमरेत वाकलेले, दोघांचीही नजर रेषेवर. एक मुठीनं पूड सोडतोय, दुसरा शेजारी चालतोय. एवढ्याशा मैदानाच्या रेषा मारायला यांना अंधार पडेपर्यंत वेळ कसा लागतो, हे कोडं मला बरेच दिवस सुटलं नव्हतं. पोरं त्याला फक्कीची शिक्षा म्हणायची. शिक्षा भोगून आलेला गडी दुसऱ्या दिवशी जरा हलका दिसायचा, हे लक्षात यायचं, पण आमच्या गावात असल्या गोष्टींकडं लक्ष देऊन बघायची पद्धत नाही.

दाजी म्हणजे आमच्या गावच्या आक्काचे मालक. मूळचे आष्टीकडचे. लग्नानंतर आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्यात चिकटले आणि तेलगावजवळच्या आमच्या गावात, म्हणजे सासुरवाडीतच, राहिले. त्यामुळं ते सगळ्या गावाचे दाजी झाले. मंडळात दाजी, कारखान्यात दाजी, एसटीचा कंडक्टरसुद्धा "दाजी, पुढं सरका" म्हणायचा. त्यांचा सख्खा मेहुणा मात्र एकच, आक्काचा धाकटा भाऊ, आबा. आणि आबा आमच्या कबड्डी मंडळाचे अध्यक्ष होते.

कारखान्यात दाजी गव्हाणीवर होते. ट्रकमधून आलेला ऊस जिथं पाडतात ती गव्हाण. दिवसभर तिथं उसाची धूळ खायची आणि संध्याकाळी मैदानावर येऊन शिट्टी वाजवायची, हा त्यांचा शिरस्ता. मी सोसायटीत क्लार्क. मंडळात माझ्याकडं फळ्यावर गुण लिहायचं काम. खेळायचं मी लहानपणीच सोडलं होतं. एका पकडीत पुढचा दात गेला, तेव्हापासून मला खडू बरा वाटतो.

ती दुष्काळाची वर्षं होती. लागोपाठ पाऊस हुकला होता. गावात टँकर यायचा आणि गावाबाहेर चारा छावणी पडली होती. उभा ऊस गाळपाला जायच्या ऐवजी छावणीतल्या जनावरांच्या दावणीला जात होता. मैदानावर शिंपडायला पाणी मागायची सोय नव्हती. मागितलं असतं तर बायकांनी आम्हाला घागरीनं हाणलं असतं. मग दाजींनीच डोकं चालवलं. तळं आटलं होतं आणि लोक तळ्यातला गाळ शेतात नेऊन टाकत होते. दाजींनी त्यातल्या दोन ट्रॉल्या मैदानावर आणवल्या. तो गाळ इतका मऊ की पडलेला गडी उठायचा कंटाळा करायचा. बाकी सगळ्या तालुक्यात पोरांचे गुडघे फुटत होते, आमची पोरं मात्र तळ्याच्या पोटात लोळत होती.

या मैदानावरचा आमचा हुकमी एक्का होता विलास. चढाईला गेला की रिकाम्या हातानं परत यायचा नाही. बारावी झालेला, घरी आई आणि थोडं कोरडवाहू रान. बोलायला गोड आणि हसायला लागला तर मैदानाबाहेर ऐकू जाणारा. त्या उन्हाळ्यात त्याचं हसणं बंद झालं. कारण विचाराल तर ते त्यालाही सांगता येत नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. आम्हाला दिसलं ते एवढंच, की विलासच्या हातात रोज फक्कीचं घमेलं दिसायला लागलं. रोज दाजी आणि विलास वाकून चालतायत आणि मैदानाच्या रेषा दिवसेंदिवस जाड होतायत.

"विलास, रंगकामाचं कंत्राट घेतलं का बे?" कोपऱ्यात खेळणारा नामदेव विचारायचा. हा नामदेव रेड्यासारखा अंगापिंडानं आडवा, आणि चेष्टेत सगळ्यांच्या पुढं.

"तुझं नाव बी टाकतो त्यात," दाजी म्हणायचे. "उद्या तू ये घमेलं घेऊन."

त्याच सुमाराला दाजी लंगडायला लागले. गव्हाणीवर पाय घसरला म्हणाले. गुडघ्याचं काहीतरी झालं होतं आणि दर गुरुवारी अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात बोलावलं होतं. एकट्याला एसटीत चढता येत नाही म्हणून आधाराला विलास. सकाळच्या गाडीनं दोघं जायचे आणि उन्हं उतरताना परत यायचे. आक्का दारात उभी राहून "जपून जावा, गुडघ्याला झटका देऊ नका" म्हणायची. तिचा चेहरा इतका गंभीर असायचा की सगळ्या गल्लीला त्या गुडघ्याची काळजी लागली होती. कुणी निरगुडीचा पाला आणून दिला, कुणी मेलेल्या बैलासाठी आणलेलं, उरलेलं मलम.

आता तुमच्यासारखा बारीक नजरेचा माणूस असता तर त्याला तेव्हाच संशय आला असता. कारण दाजी कधी उजव्या पायानं लंगडायचे, कधी डाव्या. एकदा मी तोंडावर म्हटलं, "दाजी, काल डावा होता."

"दोनी हायेत," दाजी शांतपणे म्हणाले. "आलटून पालटून दुखतेत. वय झालं की असंच असतंय, सायब. तुमालाबी कळंल."

मी सोसायटीचा क्लार्क म्हणून ते मला सायब म्हणायचे. सगळे हसले. विलाससुद्धा थोडा हसला. त्याला हसताना पाहून दाजी इतके खूश झाले की जाताना लंगडायचं विसरले. आम्ही म्हटलं, मलम लागू पडलं.

त्या वर्षी कारखान्यानं चषक ठेवला होता. दुष्काळात लोकांच्या हाताला काम नाही, तेवढंच मन रमेल, असा चेअरमन साहेबांचा विचार. कारखान्याच्या पटांगणात अंतिम सामना. समोरचा संघ आष्टीकडच्या एका कारखान्याचा. गर्दी म्हणाल तर छावणीतली माणसं जनावरं सोडून आली होती. आमचे पाच गुण जास्त आणि सामना संपायला अगदी थोडा वेळ. आबा कोपऱ्यात गुलालाची पिशवी उघडून बसले होते.

विलास चढाईला गेला. मी फळ्याकडं वळून आधीच्या पकडीचा गुण लिहीत होतो. पाठीमागून त्याचं "कबड्डी, कबड्डी" ऐकू येत होतं. ते मध्येच थांबलं. मग सगळ्या पटांगणाचाच आवाज गेला. मला वाटलं पकडला. मी वळलो, आणि जे दिसलं ते मला आज लिहितानाही खरं वाटत नाही.

दाजी मैदानात होते. समोरच्या संघाच्या भागात. विलासला त्यांनी दोन्ही हातांनी कवटाळलं होतं आणि ते त्याला बाहेर ओढत होते. समोरचे खेळाडू हात वर करून तसेच उभे, पंचाच्या तोंडात शिट्टी आणि शिट्टीत वारा नाही. दाजींनी विलासला रेषेबाहेर आणलं, नामदेवच्या भावाच्या मोटारसायकलवर आपल्या मागं बसवलं, आपल्याच टॉवेलनं त्याला स्वतःच्या कमरेशी बांधलं आणि गाडी काढली. कुणाला काही कळायच्या आत ते फाटकाबाहेर होते.

पुढचं काय सांगू? चालू सामन्यात बाहेरचा माणूस शिरला म्हणून समोरच्यांना गुण मिळाला, रेडर गेला, मार्गदर्शक गेला आणि आमच्या पोरांच्या अंगातलं पाणी गेलं. जिंकलेला सामना आम्ही हरलो. आबांच्या पिशवीतला गुलाल तसाच घरी गेला. परतीच्या टेम्पोत नामदेव म्हणाला, "विकला सामना." ते ऐकून मला धक्का बसला आणि त्याहून मोठा धक्का याचा बसला, की टेम्पोतलं कुणीच "न्हाई" म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये मंडळाची बैठक बसली. दाजी आले, लंगडतच आले. विलास कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.

"दाजी, खरं काय ते सांगा," आबा म्हणाले.

"गुडघा गेला," दाजी म्हणाले. "अचानक कळ आली. दवाखान्यात न्यायला कुणी तरी पायजे हुतं."

"सगळं गाव हुतं तिथं. चालू चढाईतला रेडरच पायजे हुता?"

"त्याला माझ्या पायाची सवय हाय."

हॉलमध्ये हसू फुटलं. ते हसू चांगलं नव्हतं. मागून कुणी तरी म्हणालं, "मैदानात पळत शिरले तवा कुठं हुता गुडघा?" दुसरा म्हणाला, "आन् मोटारसायकलीला किक कोन मारली?" तिसऱ्यानं तर सरळच सांगितलं, की आष्टीकडच्या कारखान्यात यांना बोलावणं आलंय, आपला कारखाना यंदा चालत नाही म्हणून यांनी तिकडं सोय लावली. दाजी सगळं ऐकून घेत होते. मी मनात म्हणत होतो, बाबा रे, काही तरी नीट खोटं तरी बोल. इतकं भिकार खोटं बोलणारा माणूस सामना विकायच्या लायकीचा तरी आहे का, हा साधा विचार त्या हॉलमध्ये कुणाच्या डोक्यात येईना. मी तो बोलून दाखवला, तर 'तू आपले गुण लिही' म्हणून मला खाली बसवलं.

मग आबा उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "सासऱ्याच्या वळखीनं नोकरी लागली, ह्या गावानं डोक्यावर बसवलं. पण शेवटी बाहेरचा तो बाहेरचाच. तू तुझ्या गावाचं काम केलंस."

आबांनी दाजींना 'तू' म्हटलं. तुम्ही आमच्याकडचे असाल तर त्या शब्दानं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. थोरल्या बहिणीचा नवरा म्हणजे ज्याचे पाय धुवायचे, ज्याच्यासमोर खाटेवर बसायचं नाही असा माणूस. भावकीत खून पडले तरी दाजींना 'तू' म्हणत नाहीत. विलासनं मान वर केली आणि तोंड उघडलं. तेवढ्यात दाजींनी त्याच्याकडं पाहून हळूच मान हलवली. मला वाटलं, दाजींना त्याचाही राग आलाय.

दाजींनी गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली. "मान्य हाय," म्हणाले आणि निघून गेले. दारात आक्का उभी होती. भावानं नवऱ्याला काय म्हटलं ते तिनं ऐकलं होतं. ती आबांकडं पाहत राहिली.

त्या हंगामात कारखान्याचं धुराडं पेटलंच नाही. ऊसच नव्हता. कामगारांना घरी बसवलं. दसरा झाल्यावर गावातून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडल्या, आणि एका मुकादमाच्या टोळीत दाजी आणि आक्कानं नाव दिलं. आयुष्यभर गव्हाणीवर दुसऱ्यांनी तोडलेला ऊस पाडणारा माणूस उतारवयात कोयता घेऊन कर्नाटकात निघाला. गावाला त्यातही संशयच आला. आष्टीला जायला तोंड नसेल, म्हणाले.

निघायच्या आदल्या दिवशी दाजी सोसायटीत आले. "सायब, एक काम हुतं. दर गुरुवारी विलाससंगं अंबाजोगाईला जात जा. माझ्या गुडघ्याच्या गोळ्या आणायच्या असतेत."

"विलास आणील की. तो काय लहान आहे?"

"त्याला यकट्याला कागद कळत न्हाई."

"बारावी झालाय तो, दाजी."

"तरीबी," दाजी म्हणाले. "सोबत पायजे. तुमी 'गेलतो' म्हणून मला निरोप द्या मुकादमाच्या मोबाईलवर. तेवढं झालं की मला झोप लागंल."

त्यांनी माझा हात धरला होता. माझा स्वभाव तसा तिरसट, फुकटची कामं अंगावर घेत नाही. पण त्या हाताला नाही म्हणवलं नाही. शिवाय ज्या गावानं असं हाकललं त्या गावातल्या एकानं तरी त्यांच्या गोळ्या आणाव्यात, असं वाटलं.

पहिल्याच गुरुवारी मी आणि विलास एसटीनं गेलो. दवाखान्यात मी हाडांच्या विभागाच्या रांगेकडं वळलो, तर विलास जिन्याकडं. मी हाक मारली, तो थांबला नाही. वरच्या मजल्यावर एका खोलीबाहेर बाकं होती आणि दारावर 'मनोविकार विभाग' अशी पाटी. आत टेबलाशी बसलेल्या सिस्टरनं विलासला पाहिलं आणि ओळखीचं हसली.

"आज वडील नाही आले?" तिनं विचारलं.

"ते बाहेरगावी गेलेत," विलास म्हणाला.

मी तिथंच भिंतीला टेकलो. विलासचे वडील तो पाळण्यात असतानाच वारले होते.

"विलास, दाजींचा गुडघा?" मी विचारलं. एवढंच सुचलं.

"दाजींचा गुडघा चांगलाय," तो म्हणाला. "आजारी मी हाय."

डॉक्टरीणबाई त्याच्याशी बराच वेळ बोलल्या. मला बाहेरच बसवलं. मग मला आत बोलावून त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं, की हा आजार आहे, याला औषध आहे, आणि पूर्वीपेक्षा हा बराच सुधारलाय. गोळ्या मध्येच सोडू द्यायच्या नाहीत, एकटं पडू द्यायचं नाही, झोप कशी आहे ते विचारत राहायचं. "त्याच्या वडिलांनी फार वेळेवर आणलं," त्या म्हणाल्या. मी मान हलवली.

परतीच्या गाडीत विलासनं सगळं सांगितलं. रात्र रात्र झोप नाही, छातीत धडधड, आणि मग एक दिवस जगण्याचाच कंटाळा. ते त्यानं फक्कीचं घमेलं हातात असताना, दाजींकडं न बघता, रेषेकडं बघत सांगून टाकलं होतं. "तोंडाकडं बघून मला सांगताच आलं नसतं," तो म्हणाला. आणि लगेच धमकीही दिली होती, की कुणाला कळलं तर मी जित्ता राहणार न्हाई. गाव येडा म्हणंल, मला ते सोसायचं न्हाई.

"दाजी काय म्हणाले?"

"म्हणले, आजार माझा, गुडघा माझा. तू नुसता माझ्यासंगं चल."

"आणि सामन्यात?"

"चढाईला गेलो आन् छातीवर कुणी तरी बसल्यागत झालं. दम सुटला. पाय हालंनात. माणसं दिसत हुती, आवाज यीना. वाटलं इथंच मरतो सगळ्यांम्होरं. दाजींला लांबून कळलं. तिथं थांबलो असतो तर पाणी मारून मला परत खेळवलं असतं लोकांनी. म्हणून त्यांनी नेलं." त्यानं गोळ्यांची पिशवी मांडीवर ओढून घेतली. "बैठकीत मी बोलणार हुतो. त्यांनी मान हलवली."

मला काय झालं ते शब्दांत नीट येत नाही. राग आला, आधी गावाचा, मग विलासचा, मग खुद्द दाजींचा. एवढी अब्रू कुणी अशी फुकट देतं का? स्वतःच्या मेहुण्याकडून 'तू' ऐकून घेतलं, शिट्टी ठेवली, नोकरी गेल्यावर कोयता उचलला, आणि त्या सगळ्यात या माणसाला घोर कसला, तर गुरुवारच्या गोळ्यांचा. आणि आक्का? तिला सगळं ठाऊक होतं. तिनं तर नसलेल्या गुडघ्याला रोज दारात उभी राहून जपलं होतं. मी घरी आलो आणि बायकोनं वाढलेलं ताट तसंच ठेवून बसून राहिलो.

पुढचे काही गुरुवार आम्ही नेमानं गेलो. विलासचा चेहरा हळूहळू उघडायला लागला. थंडी उतरत असताना एका संध्याकाळी, खेळ संपल्यावर, तो मैदानाच्या मधल्या रेषेवर उभा राहिला आणि म्हणाला, "मला बोलायचंय." मला त्यानं आधी काही सांगितलं नव्हतं. सगळ्या मंडळासमोर, आबांसमोर, त्यानं आजाराचं नाव घेतलं, दवाखान्याचं सांगितलं, सामन्याचं सांगितलं. "दाजींनी सामना विकला न्हाई. मला वाचवलं. आता मला येडा म्हणायचं तर म्हणा."

कुणी म्हटलं नाही. त्या गाळाच्या मैदानावर वीस-बावीस दांडगे गडी माना खाली घालून उभे होते. मग रेड्यासारखा नामदेव पायानं माती उकरत म्हणाला, "मलाबी न्हाई येत झोप. लई दिवस झाले." सगळे त्याच्याकडं बघायला लागले. सगळ्यांची चेष्टा करणारा हा माणूस रात्री जागा असतो, हे त्याच्या घरातसुद्धा कुणाला माहीत नव्हतं.

आबांनी मुकादमाला फोन लावला. सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. बऱ्याच वेळानं दाजी फोनवर आले.

"दाजी, मी आबा. चुकलं माझं. पाय धरतो तुमचे."

"आबा, हितं गाडी भरायचीय," दाजींचा आवाज आला. "पाय आल्यावर धरा. विलास हाय का तिथं?"

"हाय," विलास म्हणाला.

"कावून सांगितलंस बे?"

"सांगितलं. हलकं वाटलं."

"बरं केलंस," दाजी म्हणाले. "पट्टा पडला की येतो. मैदानात बाभळीचे काटे पडले असतेल, झाडून ठेवा."

पट्टा पडणं म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपणं. आम्ही मैदान झाडलं. आबांनी शिट्टी घासून पुसून देवघरात ठेवली. पोरं दिवस मोजायला लागली.

पट्टा पडला नाही, त्याआधी फोन आला. डोक्यावर उसाची मोळी घेऊन दाजी फळीवरून ट्रकवर चढत होते. छातीत कळ आली आणि खाली बसले. पाणी आणेपर्यंत संपलं होतं.

मुकादमाच्या जीपमधून त्यांना आणलं, तेव्हा अख्खं गाव वेशीत उभं होतं. कुणी रडतही नव्हतं. ज्यांची माफी मागायची ठरली होती ते दाजी आडवे आले, आणि कुणाला हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. आबांनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि उठेनात. चौघांनी मिळून उठवलं. मी सगळं बघत होतो आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, असं कसं झालं.

विलास सरणाशेजारी उभा होता. डोळ्यांत एक टिपूस नाही. जाळ निवल्यावर तो सरळ घरी गेला आणि आतून कडी लावून बसला. आईनं हाका मारल्या तर "हाय मी" एवढंच म्हणायचा. नामदेव रोज त्याच्या ओट्यावर झोपायला जायचा.

आणि एका सकाळी आबा धावत माझ्या दारात आले. पायात चप्पल नव्हती. "विलास घरात न्हाई. नामदेव रानात गेलता तेवढ्यात गेला. आईलाबी काय सांगितलं न्हाई."

आम्ही मैदानावर गेलो, तिथं कुणी नव्हतं. तळ्यात गेलो. मग, बोलायचं नाही असं ठरवून, विहिरींकडं वळलो. दुष्काळानं विहिरी तळापर्यंत कोरड्या पडल्या होत्या, आत नुसता अंधार. आबा एकेका काठावर पालथे पडून आत "विलास" म्हणून ओरडत होते, आणि आवाज तसाच वर येत होता. आता याला काही झालं असेल तर दाजींनी सोसलं ते कशापायी, एवढंच मनात येत होतं. शेवटच्या विहिरीपाशी एक गुराखी भेटला. तो म्हणाला, विलास स्टँडवर हाय.

आम्ही पळत स्टँडवर गेलो. निवाऱ्याखाली विलास बसला होता. शेजारी आक्का.

कपाळ मोकळं, डोक्यावरून पदर, मांडीवर दवाखान्याच्या कागदांची पिशवी. दाजींची राख सावडली होती, पण दहावा व्हायचा होता. आमच्याकडं नवरा गेलेली बाई तोवर उंबरा ओलांडत नाही, स्टँडवर येणं तर कुणी ऐकलेलं नाही. बाजाराला निघालेल्या बायका लांब जाऊन उभ्या राहिल्या होत्या आणि तोंडाला पदर लावून बघत होत्या. मीही तसाच बघत राहिलो.

"आक्का," आबांना धाप लागली होती. "तू बाहेर कशी? सुतक हाय घरात."

"गुरुवार हाय आज," आक्का म्हणाली. "मागच्या गुरुवारी राहिलं. ह्याच्या दारात गेले, कडी वाजवली, म्हणलं ऊठ, गाडी चुकंल. उठला. उठला म्हणून आले." मग तिनं भावाकडं पाहिलं. त्या बैठकीनंतर प्रथमच सरळ पाहिलं असावं. "सुतक माझ्या घराला हाय, आबा. ह्याच्या औषिदाला न्हाई."

विलास तेव्हा रडला. आक्काच्या खांद्यावर डोकं ठेवून, सगळ्या स्टँडसमोर, मोठ्यानं रडला. आक्कानं त्याला रडू दिलं. ती रस्त्याकडं, गाडीच्या दिशेला बघत होती.

गाडी आली. कंडक्टर दारात उभा होता. त्यानं आक्काकडं पाहिलं आणि तो बाजूला झाला. ती चढली, मागं विलास. आबा तसेच अनवाणी त्यांच्या मागं चढले. मी खालूनच विचारलं, "आबा, मी येऊ का?" त्यांनी नको म्हणून हात केला.

गाडी हलली, तेव्हा मला खिडकीतून तिघं दिसले. आत पुष्कळ जागा रिकाम्या होत्या. आक्का आणि विलास एका बाकावर बसले होते. आबा मात्र त्यांच्याशेजारी, वरचा दांडा धरून उभे होते. कंडक्टर त्यांना मागची रिकामी जागा दाखवत होता, आणि ते मान हलवत होते.